डाव्या अंगाला उभी असलेली माणसं

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गर्व चढला असं गावात लोक बोलू लागले तेव्हा मी धारूरच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात डोळे तपासायचं काम करत होते. अजूनही तेच करते. मी डॉक्टर नाही. चष्म्याचा नंबर काढायचा, मोतीबिंदू पिकलाय का बघायचं, डोळ्यात उजेड टाकून मागचा पडदा तपासायचा आणि काही वावगं दिसलं तर मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, असं माझं काम. येणाऱ्या बाया मात्र मला डॉक्टरीणबाईच म्हणतात. आता मीही दुरुस्त करत बसत नाही.

आमचं गाव तेलगावकडचं. रानात ऊस आणि कापूस. अण्णांची जमीन बऱ्यापैकी, आणि गावचं राजकारण कितीतरी वर्षं त्यांच्या हातात होतं. आधी सरपंच, मग सोसायटीत. भाषण त्यांना कधी जमलं नाही. माईक हातात आला की ते दोन वाक्यांत आटोपायचे. त्यांची सगळी ताकद रामराम घालण्यात होती. रस्त्यावर माणूस दिसला की जीप हळू करायची, काच खाली घ्यायची आणि त्याला नावानं हाक मारायची. कुणाची म्हैस आटलीय, कुणाच्या लेकीचे दिवस भरत आलेत, कुणाचा पोरगा भरतीसाठी पळायला लागलाय, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं आणि ते आठवणीनं विचारायचे. मतं मागायला त्यांना फार फिरावंच लागायचं नाही.

पहिली तक्रार माझ्या कानावर आली ती दवाखान्यातच. आमच्या शिवारातली एक म्हातारी मोतीबिंदू दाखवायला आली होती. तपासून झाल्यावर ती उठेना.

"बाई, राग मानू नको," ती म्हणाली. "पण तुझे अण्णा आता गरिबाकडं बघत न्हाईत. मी डोक्यावर गवताचा भारा घेऊन चाललते. जीप अंगाजवळून गेली. मी हात वर केला, तर त्यांनी मान सुदिक फिरवली न्हाई."

"घाईत असतील," मी म्हटलं.

"आधी कधी एवढी घाई नसायची त्यांना."

नंतर असं बरंच कानावर येऊ लागलं. लग्नात शेजारी बसलेल्या माणसाशी अण्णा बोलले नाहीत. कुणी पानसुपारीचं तबक पुढं केलं तर ते तसंच धरून उभं राहावं लागलं. बाजारात एकाच्या टोपलीला त्यांचा पाय लागला, लिंबं रस्ताभर सांडली आणि अण्णा तसेच पुढं गेले. प्रत्येक गोष्ट छोटी होती. पण ज्या माणसाचं सगळं नाव माणसं ओळखण्यावर उभं होतं, त्याच्या बाबतीत ती छोटी राहिली नाही.

सगळ्यांत मनाला लागलं ते त्यांच्या दोस्ताला. हा दोस्त मेंढपाळ. दोघं एका वयाचे, लहानपणी एकाच ओढ्यात खेकडे धरलेले, आणि एकमेकांना अरेतुरे करणारे. दर हिवाळ्यात त्याची मेंढरं आमच्या मोकळ्या रानात बसायची. रानाला खत मिळायचं, त्याला धान्य मिळायचं, आणि अण्णा बांधावर त्याच्याजवळ बसून चहा प्यायचे. एकदा तो पुलाच्या कठड्याशी घोंगडी टाकून उभा असताना अण्णांची जीप आली. त्यानं रामराम घातला. जीप पुढं निघून गेली. त्याला वाटलं, चुकून झालं असेल. मग आठवडी बाजाराच्या गर्दीत तो अण्णांच्या बरोबरीनं चार पावलं चालला, बोललाही, पण गलक्यात अण्णांनी ऐकलं नाही आणि बघितलंही नाही. तो तिथंच थांबला. त्या हिवाळ्यात त्याची मेंढरं आमच्या रानात आली नाहीत. अण्णांनी निरोप धाडला, त्याचंही उत्तर आलं नाही.

पुढं ग्रामपंचायतीत अण्णांचं पॅनल पडलं. विरोधकांनी फार काही केलं नव्हतं. लोक नुसते गप्प राहिले आणि त्यांनी शिक्का दुसरीकडं मारला. अण्णा घरी येऊन ओसरीवर बसले. आईला म्हणाले, "काय वाकडं केलं मी ह्यांचं?"

डोळे दाखवा असं मी त्यांना अनेकदा म्हणाले होते. ते हसण्यावारी न्यायचे. लांबून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरचा नंबर वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "हाय का तुझ्या कोण्या पेशंटची अशी नजर?" ते खरंच होतं. समोरचं त्यांना लख्ख दिसायचं.

त्या दिवाळीला मी घरी गेले तेव्हा आईनं मला चुलीपाशी बोलावून घेतलं. आवाज खाली आणून ती म्हणाली, "त्यांच्या डाव्या खांद्याला निळे डाग पडलेत. दर दोन दिवसाला दाराची चौकट लागती. विचारलं तर म्हणत्यात, दार अरुंद झालंय."

डाव्या खांद्याला, असं ती म्हणाली आणि माझं लक्ष गेलं. म्हातारी कुठल्या बाजूनं चालली होती? जीप चालवताना रस्त्याकडेची माणसं डाव्या हाताला येतात. पुलाचा कठडाही डावीकडंच.

मी अण्णांजवळ जाऊन बसले. म्हटलं, "दिव्याभोवती कधी रंगीत कडं दिसतं का, इंद्रधनुष्यासारखं?"

"दिसतं की कधीकधी. डोकं दुखत असलं म्हंजे. सगळ्यांनाच दिसतं."

"सगळ्यांना नाही दिसत, अण्णा."

त्यांनी पेपरची घडी केली. मी म्हटलं, घरातल्या घरात बघू द्या, दवाखाना नाही, यंत्र नाही, नुसती बॅटरी. सणाचा दिवस म्हणून की काय, ते उठले.

आमच्या मधल्या खोलीत भर दुपारीही अंधार असतो. मी त्यांना पलंगावर बसवलं आणि बॅटरी त्यांच्या कानाच्या बाजूनं, डोळ्याला समांतर धरली. ह्या तपासणीत उजेड सरळ रेषेत चालतो ह्याच्यापलीकडं काही लागत नाही. बाहुलीभोवतीचा तपकिरी पडदा सपाट असेल तर कानाकडून आलेला उजेड त्याच्यावरून सरकत पार नाकाच्या बाजूपर्यंत पोचतो आणि सगळं वर्तुळ उजळतं. पडदा तंबूसारखा पुढं फुगलेला असेल तर उजेड त्या फुगवट्यावर अडतो आणि पलीकडच्या अर्ध्या भागावर सावली पडते. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत नाकाकडची बाजू काळी राहिली. मी बॅटरी थोडी पुढं घेतली, थोडी मागं घेतली. सावली हलली नाही.

मग मी त्यांच्या समोर बसले. "माझ्या नाकाकडं बघा. नजर हलवायची नाही. बोट दिसलं की सांगा."

त्यांच्या उजव्या बाजूला मी बोट हलवलं की ते लगेच सांगत. डाव्या बाजूला मी बोट हलवत राहिले आणि ते शांतपणे माझ्या नाकाकडं बघत वाट पाहत राहिले. बोट मी हळूहळू आत आणलं. ते जवळजवळ माझ्या गालापाशी आलं तेव्हा ते म्हणाले, "हां, आता हलवलं तू."

माझा चेहरा बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे. ते म्हणाले, "झालं का? तुझ्या आईला म्हणावं, चहा टाक."

आई पलंगापाशी अण्णांच्या डाव्या अंगाला उभी होती. तिचा हात त्यांच्या उशीवर होता. तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"टाकते," ती म्हणाली.

अण्णा दचकले आणि सगळं अंग वळवून त्यांनी तिच्याकडं बघितलं. "तू कवा आलीस?"

"मघापासून इथंच हाय."

त्यानंतर त्यांना दवाखान्यात यायला मला वेगळं सांगावं लागलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर ते आले. सकाळची गर्दी ओसरल्यावर मी त्यांना आत घेतलं. बाहुली मोठी करायचं औषध आम्ही एरवी सर्रास घालतो, पण अशा डोळ्यात ते घातलं तर आतलं पाणी बाहेर जायची वाट अचानक बंद होऊ शकते, म्हणून ते घातलं नाही. लहान बाहुलीतूनच बघायचं ठरवलं.

माणसाची बाहुली काळी का दिसते, असं मला शिकताना सरांनी विचारलं होतं. आत अंधार असतो म्हणून, असं आम्ही सगळ्यांनी सांगितलं. ते चूक होतं. उजेड बाहुलीतून आत जातो, मागच्या पडद्यावर पडतो आणि आल्या वाटेनंच परत फिरतो. तो परत येणारा उजेड बघायचा तर आपला डोळा नेमका त्याच वाटेवर ठेवावा लागतो. पण तिथं डोळा ठेवला की आपलंच डोकं आत जाणाऱ्या उजेडाच्या आड येतं. म्हणून बाहुली काळी. डोळ्यात बघायच्या यंत्रानं एवढी एकच अडचण सोडवली. त्यात एक लहानसा आरसा तिरका बसवलेला असतो. हातातल्या दिव्याचा उजेड त्याच्यावरून वळून बाहुलीत शिरतो, आणि बघणारा त्या आरशाच्या अगदी कडेवरून, जवळजवळ त्याच रेषेत, आत बघतो. मोठं करून दाखवायला वेगळं भिंगही लागत नाही. रोग्याच्या डोळ्यातलं भिंगच ते काम करतं.

मात्र त्यासाठी फार जवळ जावं लागतं. त्यांचा उजवा डोळा माझ्या उजव्या डोळ्यानं, डावा डाव्यानं, नाही तर नाकाला नाक लागतं. रोज मी अनोळखी माणसांच्या इतक्या जवळ जाते आणि मला काही वाटत नाही. त्या दिवशी अण्णांच्या कपाळाला माझं कपाळ टेकायचंच बाकी होतं. त्यांच्या श्वासाला तंबाखूचा वास होता. मोठी झाल्यावर मी त्यांच्या इतक्या जवळ कधी गेले नव्हते, आणि आमच्यात तशी पद्धतही नाही. त्यांनी श्वास रोखून धरला होता.

"श्वास घ्या, अण्णा."

"तुला हलंल ना."

"नाही हलत. घ्या."

मागच्या पडद्यावर जिथून डोळ्याची नस मेंदूकडं निघते तिथं एक फिकट गोल असतो. त्याच्या मधोमध थोडा खोलगटपणा सगळ्यांच्या डोळ्यात असतो, भाकरीला बोट लागावं तेवढा. अण्णांच्या उजव्या डोळ्यात तो खोलगट भाग बराच पसरला होता. डाव्यात तो पार काठापर्यंत गेला होता. गुलाबी काठ उरलाच नव्हता, आणि रक्तवाहिन्या त्या काठावरून वाकून आत उतरत होत्या. हे सगळं मला त्यांच्याच डोळ्यातल्या भिंगानं मोठं करून दाखवलं. पुस्तकातलं चित्र असावं इतकं ते स्पष्ट होतं. मी यंत्र खाली ठेवलं आणि हात धुतले, म्हणजे जरा वेळ त्यांच्याकडं पाठ करता आली.

मोठ्या टेबलावरच्या यंत्रातून मी पुन्हा खात्री करून घेतली. पत्र्याच्या भोकातून घरात ऊन तिरकं आलं की त्या पट्टीत एरवी न दिसणारी धूळ दिसते. त्या यंत्रात उजेडाची तशीच एक बारीक उभी फट असते. ती तिरकी टाकली की डोळ्यातले आरपार दिसणारे थर एकामागं एक कापल्यासारखे उभे राहतात. आधी बुबुळाची पुढची काच, मग पाण्याची काळी जागा, मग रंगीत पडदा. बुबुळाच्या कडेला ती काळी जागा चांगली रुंद असायला हवी. अण्णांच्या डोळ्यात ती जवळपास नव्हतीच. काच आणि पडदा एकमेकांना चिकटायच्या बेतात होते. डोळ्यात सतत तयार होणारं पाणी ज्या कोपऱ्यातून निघून जातं तो कोपरा दाबला गेला होता. पाणी तुंबत होतं, दाब वाढत होता आणि त्या दाबानं नस मरत चालली होती. काचबिंदू. डोळा न दुखता, लाली न येता, कडेपासून मधल्या भागाकडं सरकणारा.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?" अण्णांनी विचारलं.

"शहरात जावं लागेल."

"लई वाईट हाय का?"

"हो," मी म्हटलं. अण्णांना मी कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि त्या टेबलावर बसून तर मला ते जमलंच नसतं.

शहरातल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी आधी निळ्या उजेडात दाब मोजला. मग डोळा बधिर करून आरसे बसवलेलं एक जाड भिंग अण्णांच्या बुबुळावर टेकवलं आणि बराच वेळ ते फिरवत राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी मला जागा करून दिली. आरशात तो कोपरा दिसत होता. जिथं पाणी जायची चाळणी दिसायला हवी तिथं पडदा चिकटलेला होता, निम्म्याहून जास्त वर्तुळात.

नजरेचा पसारा मोजायला अण्णांना एका पांढऱ्या घुमटासमोर हनुवटी टेकवून बसवलं. आत कुठंही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराबाहेर बाकड्यावर बसले होते. बटणाचा आवाज बाहेर ऐकू यायचा. उजव्या डोळ्याच्या वेळी तो थांबून थांबून येत होता. डाव्या डोळ्याच्या वेळी इतका वेळ शांतता असायची की आत तपासणी चालू आहे की संपली तेच कळेना.

कागदावर निघालं ते मला आधीच ठाऊक होतं. डावा डोळा जवळजवळ सगळा काळा, मधे थोडी जागा मोकळी. उजव्याची नाकाकडची बाजू काळी. म्हणजे डाव्या अंगाचं काही दाखवायला त्यांच्याकडं दोन्हीपैकी एकही डोळा उरला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी ते फिरवून न बोलता सांगितलं. गेलेलं परत येणार नाही. पाण्याला वाट मिळावी म्हणून लेसरनं रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडू, थेंब घालत राहू, आणि उरलेलं सांभाळू. अण्णांनी मान हलवली आणि विचारलं, "जीप?"

"जीप बंद, काका."

त्यांनी पुन्हा मान हलवली.

लेसर झाल्यावर आम्ही एसटीनं परत निघालो. गाडी शहराबाहेर पडेपर्यंत ते खिडकीतून बघत राहिले. मग म्हणाले, "ते भिंग डोळ्याला चिकटवलं, ते कशाला? नुसत्या यंत्रानं दिसत न्हाई का?"

मला बरं वाटलं की ते काहीतरी विचारतायत. मी म्हटलं, "तुम्ही मला विहिरीत पोहायला शिकवलं तेव्हा मी पाण्याखाली डोळे उघडून बघायचे. सरळ वर बघितलं तर आभाळ दिसायचं, काठावर वाकलेले तुम्ही दिसायचा. पण लांब तिरकं बघितलं की पाण्याचा वरचा भाग पाऱ्यासारखा चमकायचा, बाहेरचं काहीच दिसायचं नाही. खालच्या पायऱ्याच त्यात उलट्या दिसायच्या."

"दिसायच्या. मीबी बघितल्यात."

"उजेड पाण्यातून फार तिरका वर आला तर त्याला हवेत निघता येत नाही, तो मागंच फिरतो. डोळ्याच्या त्या कोपऱ्यातला उजेड असाच बुबुळाच्या काचेला आतून तिरका लागतो आणि परत फिरतो. म्हणून तो कोपरा बाहेरून कुणाला दिसत नाही. भिंग टेकवलं, मधे औषध भरलं, की काचेला हवा लागतच नाही. मग उजेड भिंगात शिरतो आणि आरशावरून बाहेर येतो."

त्यांनी थोडा विचार केला. "म्हंजे माणसानं समोर बसून डोळ्यात डोळा घालून बघितलं तरी कळायचं न्हाई."

"नाही कळत."

गेवराईपाशी वाळूच्या हायवा ट्रकांची रांग लागली होती आणि गाडी थांबली. गर्दीतून एक बाई शेंगा विकत खिडकीशी आली. अण्णा तिच्याकडं बघत होते, आणि मग माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, "म्हंजे ती माणसं खरंच तिथं उभी व्हती?"

मला आधी समजलं नाही.

"तो लोकांना सांगत व्हता, मी पुलावर रामराम घातला. मला वाटलं, लबाड बोलतोय. त्याला मेंढरं दुसऱ्याच्या रानात बसवायची व्हती म्हणून निमित्त करतोय. मी चार माणसांत तसं बोललो त्याच्याबद्दल." ते थांबले. "सगळेच खोटं बोलायलेत असं मला वाटत व्हतं, बाई. एवढे सगळे."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. गाडी सुरू झाली तरी त्यांनी तो काढला नाही.

घरी आल्यावर त्यांनी जीपची किल्ली आईकडं दिली. दोन दिवस ते ओसरीवरून उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तू हायेस तोवर मला त्याच्याकडं घेऊन चल."

मेंढरं त्या वेळी धारूरच्या घाटाखाली एका कापसाच्या रानात बसली होती. आम्ही बांधावरून चालत गेलो. मी त्यांच्या डाव्या बाजूनं चालले. तो मेंढपाळ कोकराला पाजत बसला होता. आम्हाला बघून उठला नाही. त्याच्या बायकोनं घोंगडी अंथरली. अण्णा बसले आणि इकडचं तिकडचं काही बोलले नाहीत.

"मला डाव्या अंगाला दिसत न्हाई," ते म्हणाले. "लई दिवसापासून. मलाच ठाव नव्हतं. तू पुलावर डाव्या अंगाला व्हतास."

त्यानं कोकरू खाली ठेवलं. "पेपर तर वाचतोस. मागं बाजारात लांबून बैलाचं शिंग मोडलेलं सांगितलं तू."

"समोरचं दिसतं. बाजूचं न्हाई."

"असं कुठं असतं बे?"

"उठ," अण्णा म्हणाले. "हितं उभा ऱ्हा, माझ्या खांद्यापाशी. आता फिरत फिरत समोर ये. मी दिसला म्हटलं की थांब."

तो उठला. थोडा वेळ नुसताच उभा राहिला, ह्यात काही फसवणूक आहे का ते बघत असल्यासारखा. मग एकेक पाऊल टाकू लागला. अण्णा समोर डोंगराकडं बघत बसले होते. तो थांबला, त्यानं हात हलवला, पुन्हा चालला. अण्णांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्याची बायको तोंडाला पदर लावून बघत होती. तो पार त्यांच्या गुडघ्यासमोर आला तेव्हा अण्णा म्हणाले, "आता दिसला."

तो खाली बसला. कुत्रं येऊन त्याच्याजवळ बसलं.

"मी तुझ्याबद्दल लई वंगाळ बोललो," तो म्हणाला.

"मीबी तुझ्याबद्दल बोललो."

"कावून असं झालं तुला?"

अण्णांनी माझ्याकडं हात केला. "ती सांगती. विहिरीच्या पाण्यागत काहीतरी हाय."

मी सांगितलं. त्याला किती समजलं माहीत नाही, पण त्यानं सगळं ऐकून घेतलं. निघताना तो अण्णांचा दंड धरून बांधापर्यंत आला. पुढच्या हिवाळ्यात त्याची मेंढरं आमच्या रानात बसली. दोघांचं बोलणं मात्र पूर्वीसारखं मोकळं व्हायला त्याहून जास्त वेळ लागला.

गावाला सांगायचं की नाही ह्यावर घरात वाद झाला. अण्णांचे भाऊ, माझे काका, म्हणाले, "नजर गेलेल्या पुढाऱ्याला कोण इचारतंय? गप बसा." अण्णांनी ऐकलं नाही. ग्रामसभेत एकदा ते उभे राहिले आणि त्यांच्या पद्धतीनं दोन वाक्यांत सांगून खाली बसले. काहींना ते पटलं. गवताचा भारा नेणारी म्हातारी दुसऱ्या दिवशी घरी येऊन आईजवळ रडून गेली. काही जण म्हणाले, पुढच्या निवडणुकीची तयारी चाललीय. ते अजूनही तसंच म्हणतात. अण्णा त्यानंतर निवडणुकीला उभे राहिले नाहीत.

हा आजार घराण्यात चालतो हे डॉक्टरीणबाईंनी मला बजावून सांगितलं होतं. काकांनी डोळे तपासून घ्यायला नकार दिला. मी त्यांच्या मागं लागून थकले, आणि अजून लागलेलीच आहे. माझे डोळे मी दाखवले. रोज ज्या यंत्रामागं बसते त्याच्या पुढं हनुवटी टेकवून बसले तेव्हा उजेडाची ती फट डोळ्यावर आली आणि पलीकडचं काहीच दिसेनासं झालं. तपासणाऱ्याचा चेहरा रोग्याला दिसत नाही हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई काही बोलेपर्यंत मी पदराचं टोक मुठीत धरून बसले होते. माझाही कोपरा अरुंद निघाला. नस शाबूत होती. त्यांनी दोन्ही डोळ्यांना लेसरनं तसंच छिद्र पाडून दिलं.

राहिली अण्णांची धाकटी बहीण, माझी आत्या. ती गेवराईला दिलेली. कापूस वेचणीचे दिवस होते आणि तिला रान सोडून यायचं नव्हतं. अण्णा स्वतः तिच्या घरी जाऊन बसले. ती म्हणत होती, मला सगळं दिसतंय, मला काही झालेलं नाही. अण्णा म्हणाले, "मलाबी सगळं दिसत व्हतं." मग ती पदर खोचून निघाली.

आरशाच्या भिंगातून आत्याचा डोळा बघून डॉक्टरीणबाईंनी मला खूण केली. कोपरा अण्णांसारखाच दाटलेला, पण कुठं चिकटलेला नव्हता. मागची नस निरोगी, काठ गुलाबी, आणि पसारा मोजलेला कागद जवळजवळ सगळा पांढरा. तिलाही लेसर केलं. बाहेर आल्यावर ती बाकड्यावर बसली, डोळे पुसत. मला म्हणाली, "मग मला काय झालंय?"

"काही नाही, आत्या."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही. आता होणारबी नाही बहुतेक. दरवर्षी दाखवायचं तेवढं."

तिला ते विचित्र वाटलं. एवढ्या लांब येऊन, रोजगारी बायका रानात सोडून येऊन, काहीच नाही. ती अण्णांकडं वळली आणि लटक्या रागानं म्हणाली, "दादा, उगं आणलंस मला."

अण्णा तिच्या हातातला पांढरा कागद बघत होते. त्यांनी तो नीट दुमडला, तिच्या पिशवीत घातला आणि म्हणाले, "चल, गाडीची वेळ झाली. कापूस थांबलाय तुझा."